उरणची सव्वादोन एकर जमीन आणि बिल्डरचा मसुदा

वाचकाचा प्रश्न, थोडक्यात: उरण तालुक्याच्या पूर्व भागातील एका गावात आमची वडिलोपार्जित सव्वादोन एकर जमीन आहे. त्यांपैकी ५५ गुंठे भातशेती गावठाणाजवळ असून ३५ गुंठे खाडीलगतची खारी आहे. वडील सहा वर्षांपूर्वी मृत्युपत्र न करता गेले. आई हयात आहे. मी नोकरीनिमित्त ठाण्यात राहतो, धाकटा भाऊ गावी असतो आणि दोन्ही बहिणी सासरी आहेत. एका बिल्डरने एजंटामार्फत संपूर्ण जमिनीसाठी संयुक्त विकास कराराचा मसुदा पाठवला आहे. तयार बांधकामात ४० टक्के वाटा व बिनव्याजी अनामत तो देणार, आणि आम्ही त्याला न रद्द होणारे कुलमुखत्यारपत्र द्यायचे. भावावर कर्ज असल्याने त्याला सरळ विक्री हवी आहे. माझा मुलगा सिव्हिल इंजिनीअर आहे, तो म्हणतो की आपणच बांधू. पत्नीचे मत थांबावे असे आहे. बंदर, विमानतळ, अटल सेतू सारे जवळ आल्यामुळे भाव वाढणारच. तिसऱ्या मुंबईचे काम सुरू होण्याआधी सही केली तरच फायदा, असे एजंट सांगतो. बहिणींचा प्रश्न नाही, त्या सही करतील. आम्ही कोणता मार्ग धरावा?

उत्तर:

तुमच्या पत्रातील सर्वांत तातडीच्या गोष्टीचे उत्तर आधी देतो. आलेल्या मसुद्यावर आहे त्या स्वरूपात सही करू नका, आणि त्यापोटी टोकन म्हणून काही रक्कम घेतली असेल तर ती पोच घेऊन परत करा. हा बिल्डर प्रामाणिक असेलही; मी त्याला ओळखत नाही आणि माझा आक्षेप त्याच्यावर नाही. तुमच्या पत्रात तीन वाक्ये अशी आहेत की ती तुम्ही सिद्ध झालेली धरून चालला आहात: भाव वाढणारच, सही आधी केली तर फायदा, आणि बहिणींचा प्रश्न नाही. ही तिन्ही तपासल्याशिवाय विकणे, बांधणे आणि थांबणे यांची तुलनाच होऊ शकत नाही.

भाव वाढण्याचे आधी पाहू. न्हावा-शेवा बंदर २६ मे १९८९ रोजी सुरू झाले, आणि उरणपर्यंत प्रवासी लोकल धावू लागली ती १२ जानेवारी २०२४ रोजी. मधली जवळपास ३५ वर्षे देशातील सर्वांत मोठ्या कंटेनर बंदरांपैकी एक तुमच्या उंबऱ्याशी होते, तरीही बंदराला लागून आखलेला द्रोणागिरी नोड, म्हणजे सिडकोची नियोजित वसाहत, बराच काळ अर्धवट राहिला. याचे कारण सरळ आहे. कंटेनर टर्मिनलवर माल प्रचंड हलतो, पण यांत्रिकीकरणामुळे त्या प्रमाणात माणसे लागत नाहीत. आणि घरे माणसे विकत घेतात. बंदरामुळे जमिनीला जी थेट मागणी येते ती गोदामे, कंटेनर फ्रेट स्टेशने (बंदराबाहेर कंटेनर भरण्या-उतरवण्याची ठिकाणे), रिकाम्या कंटेनरचे यार्ड आणि ट्रेलरच्या पार्किंगसाठी. घरांची मागणी लोकल, अटल सेतू आणि विमानतळ यांच्यामुळे येते आहे. त्यामुळे 'बंदरामुळे भाव' असे म्हणताना तुमच्या ५५ गुंठ्यांना यांपैकी कोणती मागणी लागू आहे हे आधी ठरवावे लागेल. मोठ्या रस्त्याला ट्रेलर वळू शकेल असा रुंद पोचरस्ता नसेल तर गोदामवाला येणार नाही, आणि शेजारी यार्ड उभे राहिले तर सदनिकेचे गिऱ्हाईक येणार नाही.

बंदरावर बेतलेला धंदाही कायमचा एका जागी राहत नाही. २०१६ नंतर आयातदाराला बंदरातूनच थेट माल उचलू देण्याची पद्धत वाढवण्यात आली, तसे मधल्या फ्रेट स्टेशनांकडे जाणारे कंटेनर घटले. जमीन तीच, बंदरही तेच आणि माल उलट वाढलेला, तरी एका परिपत्रकाने मधल्या दुव्याचे उत्पन्न हलले. भावाला कोणी यार्डच्या भाड्याचे आमिष दाखवत असेल तर हे त्याच्या कानावर घाला. यार्डसाठी भातशेतीत मुरूम-दगडाचा भराव टाकला की ती जमीन पुन्हा शेती म्हणून उभी राहत नाही, आणि पावसाचे पाणी मग शेजाऱ्याच्या शेतात व गावात शिरते. उरणकरांना हे मी सांगण्याची गरज नाही.

आता 'आधी सही करा' या सल्ल्याकडे येऊ. एजंट जिला तिसरी मुंबई म्हणतो त्या कर्नाळा-साई-चिरनेर नवनगरासाठी शासनाने २०२४ साली उरण, पनवेल आणि पेण तालुक्यांतील १२४ गावांकरिता एमएमआरडीएला नवनगर विकास प्राधिकरण नेमले. त्या १२४ पैकी ८० गावे सिडकोच्या नैना क्षेत्रातून (नवी मुंबई विमानतळाभोवतीचे नियोजन क्षेत्र) आणि ३३ गावे खोपटे नवनगराच्या जुन्या योजनेतून आलेली आहेत. म्हणजे यांतील बहुतेक गावांनी याआधी एक नवे शहर कागदावर पाहिलेले आहे. नैना क्षेत्र जानेवारी २०१३ मध्ये अधिसूचित झाले, आणि दशक उलटून गेल्यावरही तेथील अनेक नगररचना परियोजनांत अंतिम भूखंडांचे काम चालूच होते. तुमचे गाव १२४ मध्ये आहे किंवा नाही, असल्यास त्यावर कोणता झोन वा आरक्षण प्रस्तावित आहे, हे पत्रात कोठेच आलेले नाही, आणि माझ्या मते या सगळ्या प्रकरणातला मुख्य प्रश्न तोच आहे.

नैनातील नगररचना परियोजनेचे सूत्र साधारण असे आहे: मालकाच्या जमिनीपैकी ६० टक्के रस्ते, उद्याने, सार्वजनिक सुविधा इत्यादींसाठी जाते आणि ४० टक्के विकसित अंतिम भूखंड म्हणून, वाढीव चटईक्षेत्रासह, परत मिळते. असेच सूत्र तुमच्याकडे आले तर ५५ गुंठ्यांचे २२ गुंठे होतील, पण रस्त्याला लागलेले, वादमुक्त आणि अधिक बांधकामक्षमता असलेले. अशा भूखंडासाठी बिल्डर जो वाटा देऊ करील तो आजच्या कच्च्या जमिनीवरील वाट्यापेक्षा चांगला असण्याची शक्यता आहे, कारण मंजुरीची अनिश्चितता तोवर संपलेली असेल. एजंट तुम्हाला ती अनिश्चितता संपण्याआधी सही करायला सांगतो आहे. त्याच्या अशिलाच्या दृष्टीने हा सल्ला अगदी बरोबर आहे.

याच पट्ट्यातला इतिहास दोन्ही बाजूंनी बोलतो, म्हणून तो अर्धा सांगणे गैर होईल. जानेवारी १९८४ मध्ये शेतकरी नेते दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली उरणच्या जासई परिसरात भूसंपादनाविरुद्ध जे आंदोलन झाले, त्यात पोलिसांच्या गोळीबारात पाच जणांनी प्राण दिले आणि त्या लढ्यातून पुढे संपादित जमिनीच्या साडेबारा टक्के विकसित भूखंड परत देण्याची योजना आली. ज्यांनी तो भूखंड हाती येईपर्यंत धरून ठेवला त्यांच्या घरी पैसा आला. भूखंड मिळण्याआधीच केवळ इरादापत्रावर वा सातबाऱ्यावर हक्क विकून मोकळे झालेले लोकही प्रत्येक गावात आहेत. पण धरून ठेवणाऱ्यांनाही काळ मोजावा लागला: बंदरासाठी जमीन दिलेल्या प्रकल्पग्रस्तांना साडेबारा टक्क्यांची इरादापत्रे ऑगस्ट २०१४ मध्ये वाटली गेली. शिवाय साडेबारातून ३.७५ टक्के सामाजिक सुविधांसाठी वजा होऊन प्रत्यक्षात ८.७५ टक्के, म्हणजे एकरामागे सुमारे ३५४ चौरस मीटर जागा हाती येते. तुमच्या पत्नीचा 'थांबू या' हा सल्ला मला मोलाचा वाटतो, परंतु थांबणे म्हणजे पाच वर्षेही असू शकते आणि पंचवीसही, हे घरात सर्वांनी मान्य करूनच थांबले पाहिजे.

बहिणींविषयी तुम्ही एका वाक्यात लिहिले आहे, मी जरा विस्ताराने लिहितो. वडील मृत्युपत्राशिवाय वारले असल्याने आई, तुम्ही दोघे भाऊ आणि दोघी बहिणी असे पाच वारस आहेत. वडिलोपार्जित मिळकतीत मुलीला जन्मतः मुलाइतकाच हक्क हिंदू वारसा कायद्याच्या २००५ च्या दुरुस्तीने मिळाला, आणि सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२० मध्ये विनीता शर्मा खटल्यात तो निःसंदिग्ध केला. तेव्हा 'त्या सही करतील' हे वाक्य उलट करून वाचा: ज्या जमिनीच्या दोन वाटेकरीण त्या आहेत, तिचा मसुदा त्यांनी अजून पाहिलेलासुद्धा नाही. सही मागण्याआधी मसुद्याची प्रत त्यांना द्या आणि त्यांना काय हवे ते विचारा. त्यांना स्वेच्छेने हक्क सोडायचा असेल तर नोंदणीकृत हक्कसोडपत्र करता येते, पण ते त्यांनी समजून-उमजून करावे. राखीपौर्णिमेला आलेल्या बहिणीपुढे कागद सरकवून नव्हे. यामागे भावनेपेक्षा व्यवहारही आहे. एका वारसाचा दावा न्यायालयात दाखल झाला की बँक कर्ज थांबवते, विक्री थांबते आणि इमारत जिथल्या तिथे राहते.

वारस नोंद झाली आहे का, हे तुम्ही लिहिलेले नाही. नसेल तर तलाठ्याकडे अर्ज करून ती आधी करा. नंतर दोन्ही सर्व्हे नंबरांचे सातबारा, आठ-अ, जुने फेरफार आणि गाव नकाशा काढा आणि सातबाऱ्यावरील 'इतर हक्क' हा रकाना सावकाश वाचा. कोकणात तेथे पुष्कळदा 'कुळकायदा कलम ४३ च्या बंधनास पात्र' अशी एक बारीक नोंद असते. आजोबांना जमीन कुळ म्हणून मिळाली असेल तर ती असणारच. ३२-म चे (कुळाने जमीन खरेदी केल्याचे) प्रमाणपत्र मिळून १० वर्षे झाली असतील तर शेतसाऱ्याच्या ४० पट नजराणा भरून विक्रीचे हे बंधन दूर करता येते. काम छोटे आहे, पण ते न करता केलेला व्यवहार पुढे अवैध ठरू शकतो. तसेच शेतजमीन बिगर-शेतकऱ्याला सहसा थेट घेता येत नाही. बिल्डर कोणा तिसऱ्याच शेतकऱ्याच्या नावाने व्यवहार सुचवत असेल तर त्यामागचे कारण बहुधा हेच असते, आणि अशा वेळी पैसे देणारा एक, सही करणारा दुसरा अशी स्थिती होते.

खारीच्या ३५ गुंठ्यांचा विचार मात्र पूर्णपणे वेगळा करा. मसुद्यात दोन्ही तुकडे एकत्र धरले आहेत, हे मला खटकले. उरण-पेण भागात बाहेरकाठा (खाडीकडचा बांध) फुटून भरतीचे पाणी शेतात शिरल्याने पिकत्या खारीवर कांदळवन उगवल्याची उदाहरणे अनेक आहेत. मुंबई उच्च न्यायालयाने सप्टेंबर २०१८ मध्ये कांदळवन तोडण्यास आणि त्याभोवतालच्या ५० मीटर पट्ट्यात बांधकामास मनाई केली आहे, मग जमीन कोणाच्याही मालकीची असो. किनारा नियमन क्षेत्राचे नियम आहेतच. तुमची खारी आज कोणत्या अवस्थेत आहे ते स्वतः जाऊन, ओहोटीला व भरतीला, दोन्ही वेळा पाहा. तेथे इमारत होणार नसेल तर बिल्डर ती कशासाठी मागतो आहे, हा प्रश्न लेखी विचारा. आणि रातोरात डेब्रिज टाकून झाडे मारून देतो असे कोणी म्हणाले तर लक्षात ठेवा, गुन्हा सातबाऱ्यावर नाव असलेल्यांच्या दारातही येतो.

मसुद्यात एक कलम असे आहे: 'सर्व मंजुऱ्या प्राप्त झाल्यापासून ३६ महिन्यांत मालकाचा हिस्सा सुपूर्त करण्यात येईल.' छत्तीस महिने वाजवी आहेत, पण ते मोजायला सुरुवात कधी होणार? मंजुऱ्या किती काळात मिळवायच्या याची मुदत कोठेही नाही. योजना रखडली तर तुमची जमीन न रद्द होणाऱ्या कुलमुखत्यारपत्राखाली अडकलेली राहील आणि बिल्डर मसुद्यातील शब्दांनुसार करारभंग न करता दहा वर्षे बसून राहू शकेल. मंजुरीसाठी निश्चित तारीख आणि ती चुकल्यास करार व कुलमुखत्यारपत्र दोन्ही आपोआप संपुष्टात येतील, असे कलम हवे. दुसरी बाब चाळीस टक्क्यांची: चाळीस टक्के कशाचे? मसुद्यात 'मूळ चटईक्षेत्र' असा शब्द आहे. अधिमूल्य भरून मिळणारे वाढीव चटईक्षेत्र आणि टीडीआर (हस्तांतरणीय विकास हक्क) यांत तुमचा वाटा शून्य, असा त्याचा अर्थ होतो, आणि उंच इमारतीत मोठा भाग त्याचाच असतो. वाटा एकूण मंजूर चटईक्षेत्रावर, रेराच्या (स्थावर संपदा कायद्याच्या) व्याख्येतील कार्पेट क्षेत्रात आणि मजलेवार लिहून घ्या. तिसरी बाब अशी की बिल्डरला 'प्रकल्प जमिनीवर वित्तपुरवठा घेण्याचा' अधिकार दिला आहे. कर्ज त्याचे आणि गहाण तुमची जमीन, असे होता कामा नये. गहाण फक्त त्याच्या हिश्श्यातील सदनिकांपुरते ठेवा.

संयुक्त विकासात आपण नुसते जमीनमालक, जोखीम सगळी बिल्डरची, असे बऱ्याच जणांना वाटते. महारेराच्या नियमांनुसार बांधकामात किंवा विक्रीत वाटा घेणारा जमीनमालकही प्रवर्तक मानला जातो, त्यामुळे ग्राहकांच्या तक्रारीत तुमचेही नाव येऊ शकते. कराची बाजू त्या मानाने बरी आहे. करार नोंदणीकृत असेल तर वैयक्तिक मालकाला भांडवली नफ्यावरील कर प्रकल्पाला किंवा त्याच्या भागाला पूर्णत्वाचा दाखला मिळेल त्या वर्षी लागतो, सही केलेल्या वर्षी नाही. मात्र दाखल्याआधी आपला हिस्सा विकलात तर ही सवलत जाते. थेट विक्रीत जमीन कायद्याच्या अर्थाने ग्रामीण शेतजमीन ठरली तर भांडवली नफ्यावर कर लागतच नाही. जवळच्या पालिकेच्या लोकसंख्येनुसार हद्दीपासून २, ६ किंवा ८ किलोमीटर हवाई अंतराबाहेर ती असावी लागते, आणि उरण नगरपरिषद लहान असली तरी १० लाखांवर वस्ती असलेली नवी मुंबई महापालिकाही जवळच आहे. हे अंतर सनदी लेखापालाकडून लेखी तपासून घ्या, कारण विक्री की विकास या तुमच्या प्रश्नाचे गणित त्यावर बरेच बदलते.

मुलाच्या उत्साहाचे मला कौतुक आहे, पण बांधता येणे आणि विकासक होणे यांत अंतर आहे. ५०० चौरस मीटरहून मोठ्या जमिनीवर आठहून अधिक सदनिकांचा प्रकल्प विक्रीसाठी करायचा तर रेरा नोंदणी लागते, ग्राहकांकडून आलेल्या पैशांपैकी ७० टक्के रक्कम स्वतंत्र खात्यात ठेवावी लागते, आणि नोंदणीकृत कराराआधी किमतीच्या १० टक्क्यांहून अधिक रक्कम घेता येत नाही. म्हणजे पाया, मंजुऱ्या आणि अधिमूल्य यांचा खर्च सुरुवातीला स्वतःच्या खिशातून. भावावर आधीच कर्ज असलेल्या कुटुंबाने ५५ गुंठ्यांवर हा प्रयोग करू नये असे मी स्पष्टपणे म्हणेन. त्याऐवजी मुलाने तुमच्या बाजूचा अभियंता व्हावे: नकाशे, क्षेत्रफळांचे तक्ते, बांधकामाचा दर्जा पाहण्याचा अधिकार त्याच्या नावाने करारात घाला. ते कामही लहान नाही.

अशाच पेचात असलेल्या इतर वाचकांसाठी दोन शब्द, विशेषतः पालघरच्या. वाढवण बंदराला केंद्रीय मंत्रिमंडळाने जून २०२४ मध्ये ७६ हजार कोटी रुपयांहून अधिक खर्चाची मंजुरी दिल्यापासून त्या बाजूनेही पत्रे येऊ लागली आहेत. बंदर मुख्यतः समुद्रात भराव घालून होणार आहे, आणि डहाणू तालुका १९९१ पासून पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील म्हणून अधिसूचित असल्याने तेथील भूवापर व उद्योगांवर वेगळी बंधने आहेत. मुंबईच्या वर्तमानपत्रातील जाहिरातीत ती दिसत नाहीत. शिवाय आदिवासी खातेदाराची जमीन शासनाच्या पूर्वमंजुरीशिवाय बिगर-आदिवासीच्या नावावर होत नाही. 'नंतर नावावर करून देतो' म्हणून साठेखतावर पैसे घेणाऱ्याला जमीन देता येत नाही, आणि पैसे देणाऱ्याला ते परत मिळतीलच असे नाही.

तुमच्याकडे परत येतो. येत्या काही महिन्यांत वारस नोंद, सरकारी मोजणी, झोन दाखला आणि ३० वर्षांचा सर्च रिपोर्ट एवढे करून घ्या. नवनगराच्या आराखड्याची सूचना निघाली की हरकती-सूचनांची मुदत चुकवू नका. ठाण्यात राहणाऱ्याच्या हातून ती हमखास चुकते, म्हणून ग्रामपंचायतीच्या फलकावर लक्ष ठेवण्याचे काम भावाकडे द्या. त्यानंतर ५५ गुंठ्यांसाठी, खारी वगळून, किमान तीन विकसकांकडून लेखी प्रस्ताव मागवा. आजच्या बिल्डरलाही त्यांत येऊ द्या. माझा कल योजना स्पष्ट झाल्यावर संयुक्त विकास करण्याकडे आहे, परंतु झोन ना-विकास निघाला किंवा आरक्षण पडले तर हा सल्ला बदलेल.

राहिला भावाच्या कर्जाचा प्रश्न, आणि बिल्डरची घाई नव्हे तर हीच खरी घाई आहे असे तुमचे पत्र वाचताना वाटत राहिले. त्याच्यासाठी सगळी जमीन विकण्याची गरज नाही. पाच वारसांत ५५ गुंठ्यांचे प्रत्यक्ष तुकडे पाडणे सोयीचे नाही आणि तुकडेबंदीचा कायदाही आडवा येऊ शकतो. मात्र वारसांपैकी कोणी आपला अविभक्त हिस्सा विकायचा ठरवला तर तो घेण्याचा अग्रहक्क इतर वारसांना आहे. तुम्ही किंवा ऐपत असलेली बहीण भावाच्या हिश्श्याचा काही भाग, आजच्या बाजारभावाने, नोंदणीकृत खरेदीखताने घ्या आणि रक्कम थेट त्याच्या कर्जखात्यात भरा. त्याच दिवशी कौटुंबिक करारात असेही लिहा की पुढील ठरावीक वर्षांत जमिनीचा विकास वा विक्री झाली, तर वाढलेल्या किमतीतला अमुक वाटा त्या भागापोटी भावाला मिळेल. किती वर्षे आणि किती वाटा, हे ठरवायला पाचही जण बसा, आईसकट.